भाऊ म्हणतो, तुमच्यात काही सिद्ध होतच नाही

अंबाजोगाईच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या मराठीत पीएच.डी. करतात, विषय बीड जिल्ह्यातल्या जात्यावरच्या ओव्या. धाकटा भाऊ परभणीच्या कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करतो. दिवाळीत दोघांची जुंपली. भाऊ म्हणाला, "आमच्याकडं प्लॉट असतो, आकडा असतो, सिद्ध होतं. तुमच्याकडं एक सर एक सांगतात, दुसरे दुसरंच. त्याला मत म्हणतात." ताई विचारतात, वेगवेगळ्या विषयांतले अभ्यासक निष्कर्षाला येतात तरी कसे, आणि भावाला काय सांगू?

मी इतिहासाचा. तीसेक वर्षं शिकवलं, निवृत्तीआधी काही वर्षं पीएच.डी.च्या मुलांचा कोर्सवर्क घेतला. त्या वर्गात मराठी, भूगोल, गणित, वनस्पतिशास्त्र, समाजशास्त्र सगळे शेजारी शेजारी बसायचे. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला एकच विचारायचो: तुमच्या विषयात माणूस सगळ्यात जास्त कुठं फसतो? ज्या विषयाला जिथं चटका बसला, तिथं त्यानं बांध घातला. संशोधन पद्धती म्हणजे हे बांध. ते कुठून जातात ते कळलं की त्या विषयातले लोक निष्कर्षाला कसे येतात ते आपोआप कळतं.

भावापासूनच सुरू करू. समजा तुरीचा नवा वाण जुन्याशी ताडून बघायचा आहे. रान ओढ्याकडं उतरतं. खालच्या अंगाला भारी काळी माती, वरच्या अंगाला मुरमाड. नवा वाण खाली पेरला, जुना वर पेरला, तर उतारा वाणाचा आला की मातीचा? शेतकऱ्याला हे आजोबापासून माहीत असतं. त्यावर शास्त्रशुद्ध तोड मात्र संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडच्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात बसवली, आणि भाऊ 'आरबीडी' (रँडमाइझ्ड ब्लॉक डिझाइन) म्हणून करतो ती तीच. रानाचे असे पट्टे पाडायचे की एका पट्ट्यात माती साधारण सारखी. प्रत्येक पट्ट्यात सगळे वाण. कोणता वाण कुठं, ते चिठ्ठी टाकून. कापणीला कडेच्या ओळी सोडून द्यायच्या, कारण कडेच्या झाडाला ऊन-वारा जास्त, ते उगीच माजतं. म्हणून पेरलेला ग्रॉस प्लॉट वेगळा, कापून मोजलेला नेट प्लॉट वेगळा. हा सगळा खटाटोप कशासाठी? माती आणि पेरणाऱ्याची आवड, या दोघांनी फसवू नये म्हणून.

मग सी.डी. काढायची, म्हणजे क्रिटिकल डिफरन्स, दोन वाणांत निदान किती फरक दिसला तर तो मानायचा ती मर्यादा, पाच टक्क्याला. भावाला विचारा, पाच टक्के म्हणजे नेमकं काय? बहुतेक जण म्हणतात, "पंच्याण्णव टक्के खात्री." तसं नाही. वाणांत मुळात काही फरक नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता वीसात एकापेक्षा कमी, एवढंच ते सांगतं. वीस निरुपयोगी फवारण्या तपासा, सरासरीनं त्यातली एखादी 'सिग्निफिकंट' निघते. आणि हा पाचाचा आकडा काही निसर्गानं दिलेला नाही, फिशर यांना तो सोयीचा वाटला म्हणून रूढ झाला. म्हणून तर शहाणे पैदासकार एका खरिपावर वाण सोडत नाहीत. वर्षं बदलून, ठिकाणं बदलून पुन्हा लावतात. मृग-आर्द्रा चांगली बरसली त्या साली कोणाचंही पीक डोलतं. तेव्हा भावाचं 'सिद्ध' हे चांगलं सिद्ध आहे, पण तेही मापून-तोलून केलेलं अनुमानच आहे.

आता आमच्याकडचं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर तुम्हाला गोरोबाकाकांचं गाव म्हणून माहीत असेल. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की भडोचहून दक्षिणेकडं वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर. हे तगर कुठलं? एकोणिसाव्या शतकात देवगिरी, जुन्नर, कोल्हापूर, आपलं धारूर, अशी नावं पुढं आली. शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत, आणि त्यांची एक शाखा कोल्हापूरला होती, म्हणून कोल्हापूर. प्रत्येकाकडं पुरावा होता. भाऊ म्हणतो तेच चित्र: एक सर एक म्हणतात, दुसरे दुसरंच.

पण हे असंच राहिलं नाही. पट्टी घेऊन नकाशावर बघा. भडोच ते पैठण सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, वीस दिवस. म्हणजे बैलांच्या तांड्याला दिवसाला सतरा-अठरा. त्या हिशेबानं पैठणहून दहा दिवस म्हणजे दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर. देवगिरी तर पैठणहून दोन-तीन मुक्कामांवर आणि उत्तरेला. जुन्नर पश्चिमेला. कोल्हापूर तीनशे किलोमीटर आणि नैर्ऋत्येला. तिन्ही गळाली. धारूरची दिशा बरी, अंतर मात्र शंभरच्या आसपास, जरा कमी पडतं. तेर आग्नेयेला, दीडशेवर.

अंतरानं धारूर पूर्ण बाद होत नाही. तिथं भाषेचा नियम कामी येतो. प्राकृतात दोन स्वरांमधला 'ग' झिजतो. नगरचं नयर झालं आणि त्याचं नेर. संगमनेर, पारनेर, अमळनेर ही नावं अशी घडली. त्याच वाटेनं तगर, तयर, तेर. 'तगर'चं 'धारूर' व्हायला अशी कुठलीच वाट नाही. १९०१ साली शिलालेखांचे अभ्यासक जॉन फेथफुल फ्लीट यांनी तेरचं नाव पक्कं मांडलं. पुढं तेरला जमिनीतून रोमन व्यापाराच्या खुणा निघाल्या, हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली, आणि त्या जातीची मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेतही सापडलेली आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एकदा जाऊन या, अंबाजोगाईहून लांब नाही.

यात सी.डी. कुठंच नाही. पण चार साक्षीदार आहेत, चौघं एकमेकांना ओळखत नाहीत: एक ग्रीक व्यापारी, एक पट्टी, एक ध्वनिनियम आणि एक कुदळ. चौघं एकाच गावाकडं बोट दाखवतात. आमच्या शेतात प्रयोग पुन्हा करता येत नाही, म्हणून आम्ही साक्षीदार वाढवतो, आणि ते आपसात ठरवून बोलत नाहीत ना ते बघतो. चार पुस्तकांनी एकाच जुन्या पुस्तकातून उतरवून घेतलं असेल तर ते चार साक्षीदार धरायचे नाहीत, एकच. निम्मे प्रबंध इथंच घसरतात.

मीही घसरलोय, ते सांगतो. तरुणपणी मला एका घरातून जमिनीचा जुना कागद मिळाला. मजकूर उर्दू, सन १३३१. मुसलमानी राजवटीचा कागद म्हणजे सन हिजरी, असं धरून मी १९१३ लावलं आणि त्यावर लेखाची अर्धी इमारत उभी केली. निजामाच्या काळात पेशकारी केलेले एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना कौतुकानं कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "सर, हे महिन्याचं नाव वाचलं का? बहमन. हिजरीत मोहरम, सफर असतं. आजूर, दै, बहमन, हे फसलीचे." फसली म्हणजे महसुलाची कालगणना. आमच्या हैदराबाद राज्यात तिचं वर्ष ऑक्टोबरात लागायचं. १३३१ मध्ये ५९० मिळवा, १९२१ चा ऑक्टोबर. बहमन तिसरा महिना, म्हणजे डिसेंबरच्या सुमाराचा कागद. एका शब्दानं माझं साल आठ वर्षांनी हललं. तेव्हापासून सन दिसला की आधी महिना वाचायचा, हा माझा बांध.

किल्लारीचं उदाहरण मुद्दाम घेतो, कारण तिथं एकाच घटनेवर तीन विषयांची माणसं आली आणि तिघांचे निष्कर्ष वेगळे निघाले, तरी कोणी कोणाला खोटं पाडलं नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत. गणपती बुडवून लोक झोपले होते. ६.२ तीव्रता, ८ ते १० हजार माणसं गेली. भूगर्भवाल्यांचा प्रश्न: दख्खनचं पठार स्थिर समजलं जातं, भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, मग धक्का आला कुठून? माकणीच्या निम्न तेरणा धरणाच्या पाण्यानं, असं काहींनी मांडलं. आता भूकंप पुन्हा करून बघता येत नाही आणि दुसरं किल्लारी 'कंट्रोल' म्हणून ठेवता येत नाही. मग ते असं करतात: पाण्यामुळं असेल तर पाण्याच्या पातळीबरोबर हादरे कमी-जास्त व्हायला हवेत, झाले का? आदल्या वर्षीपासून बारीक हादरे बसत होतेच, त्यांचा आणि पाण्याचा मेळ लागतो का? जमिनीखाली जुनी फट असेल तर बोअर घेतल्यावर दिसायला हवी. म्हणून बेसाल्टचा थर फोडून खालच्या प्राचीन खडकापर्यंत बोअर घेतला गेला. धरणाच्या मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत झालं नाही. नकाशा मात्र बदलला. भूकंपरोधक बांधकामाच्या २००२ च्या संहितेत तो सगळ्यात खालचा पट्टाच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग वर चढवला.

स्थापत्यवाल्यांना धक्का कुठून आला याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. याच तीव्रतेच्या धक्क्यात दुसरीकडं एवढी माणसं मरत नाहीत, इथं का मेली? त्यांनी पडलेल्या भिंती पाहिल्या. दोन-अडीच फूट रुंद, बाहेरून एक दगडी थर, आतून एक, मध्ये मातीची भर, आणि दोन थरांना जोडणारा आरपार दगड नाही. वर माळवदाची टनावारी माती. कित्येक ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या आणि भिंती तेवढ्या ढासळलेल्या. या एका दृश्यानं अर्धं उत्तर दिलं. तिसरे समाजशास्त्रवाले पुढं वर्षानुवर्षं येत राहिले, नव्या गावठाणात लोक कसे राहतात ते बघायला. त्यांचा निष्कर्ष भिंतीत सापडणार नव्हता.

दोन पद्धती एकाच प्रश्नावर भांडतात असंही होतं. आपल्या शिवेपलीकडचं लोणार घ्या. ते उल्केनं झालं हे आता पक्कं आहे, खडकात तसा दाब बसल्याच्या खुणा आहेत. पण कधी? थर्मोल्युमिनेसन्सनं, म्हणजे खडक तापवल्यावर किती प्रकाश सोडतो ते मोजून, ५२ हजार वर्षं आलं, खडकातला आर्गॉन वायू मोजून ५ लाख ७० हजार. दहा पटींहून जास्त फरक! दोन्ही शास्त्रंच. पहिल्या घड्याळातून काळ गळू शकतो, मग वय कमी दिसतं. दुसऱ्यात जुन्या खडकाचा वायू अडकून राहिला तर वय जास्त दिसतं. कोणतं घड्याळ कसं चुकतं हे माहीत असल्याशिवाय तिथं पाऊल टाकू नये. भावाला हे आवर्जून सांगा, आकडा असला म्हणजे वाद मिटत नाही.

गणिताचं थोडक्यात. तिथं लाख उदाहरणं जमली तरी कोणी विचारत नाही. पोल्या या गणितज्ञानं १९१९ साली संख्यांच्या अवयवांविषयी एक अंदाज मांडला. तपासावा तिथं खरा. आणि सगळ्यात लहान अपवाद निघाला ९० कोटी ६१ लाख ५० हजार २५७ या संख्येला. ज्यांना असा चटका बसलाय ते सिद्धतेशिवाय ऐकणार नाहीत, आणि त्यांच्याइतकं 'सिद्ध' बाकी कोणाच्याच नशिबात नाही. भावाच्याही नाही.

माणसांचा अभ्यास करणाऱ्यांची फसगत वेगळीच. तिथं फसवतो तो आपलाच शब्द. ऊसतोडीवर पाहणी करायला माझ्या वर्गातली दोन मुलं एका अड्ड्यावर गेली. मुकादमाला विचारलं, "तुमच्याकडं किती मजूर?" तो म्हणाला, "बारा कोयते." पोरांनी फॉर्मवर १२ लिहिलं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल जोडीला मिळते. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. म्हणजे माणसं चोवीस, आणि पोरं मोळ्या वाहतात ती वेगळीच. आणि नुसता आकडा दुप्पट केला की काम संपलं असंही नाही. बाई एकटी मोजलीच जात नाही, ही गोष्ट त्या शब्दातच आहे. हे कळायला कोपीपुढं, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीपुढं, बसावं लागतं, दोन-चार संध्याकाळी, चहा घेत. अशा बसण्याला भाऊ 'डेटा' म्हणणार नाही. पण हे न करता केलेली पाहणी दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत अचूक आणि मुळातच निम्मी चूक असते.

आता ताई, तुमच्या ओव्यांकडं येतो. तुम्ही लिहिलंय की गाईडनी एकाच ओवीचे पाच पाठ जमवून 'मूळ पाठ' निश्चित करायला सांगितलाय. इथं माझा आक्षेप आहे, आणि तो मोठा आहे.

मूळ पाठाची पद्धत पोथीची आहे आणि आपल्याकडं तिला मोठी परंपरा आहे. एकनाथ महाराजांनी पैठणला शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रतींतले बिघडलेले पाठ तपासून शुद्ध प्रत केली. पोथीत फसवणारा कोण? लेखकू, म्हणजे प्रत उतरवून काढणारा. त्याची नजर एका ओळीवरून तिसरीवर जाते, त्याला न कळलेला जुना शब्द तो सोपा करून टाकतो. म्हणून त्या शास्त्राचे ठोकताळे तसे: दोन प्रतींत एकच चूक असेल तर त्या एकाच आईच्या लेकी, अवघड आणि सोपा असे दोन पाठ असतील तर अवघड जुना, कारण सोप्याचं अवघड कोणी मुद्दाम करत नाही. तुमच्याच गावचे म्हणवले जाणारे मुकुंदराज बघा. विवेकसिंधूचा शके १११० ग्रंथातच सांगितलेला आहे, पण हाती असलेल्या प्रतींची भाषा त्या मानानं नवी वाटते. मग शक चुकीचा, की नकलून घेणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भाषा नवी करत नेली? आणि त्यांचं गाव अंबाजोगाई हेच, की विदर्भातलं आंभोरा? वाद चालूच आहे, आणि तो का चालू आहे हे नीट सांगता येणं हाही निष्कर्षच.

ओवीला लेखकू नाही. केजच्या बाईनं जिथं पंढरी म्हटलं तिथं परळीच्या बाईनं वैजनाथ म्हटलं, तर त्या दोघींपैकी कोणीही चुकलेलं नाही. जातं फिरत असताना बाई ओवी आठवतही असते आणि रचतही असते. १९३० च्या दशकात मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड या अमेरिकन अभ्यासकांनी युगोस्लाव्हियातल्या गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. गायक शपथेवर सांगायचे की शब्दाला शब्द तेच गातो. ध्वनिमुद्रण तपासलं की दर वेळी वेगळं. खोटं कोणी बोलत नव्हतं. त्यांच्या लेखी 'तेच गाणं' याचा अर्थच वेगळा होता. आपल्याकडं गी पोयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी लाखावर ओव्या जमवल्या, तेव्हा कोणत्या बाईनं, कोणत्या गावात म्हटली हेही जपलं, ते याचसाठी.

म्हणून पाच पाठांचा एक करू नका. पाच ठेवा, आणि ते कशाबरोबर बदलतात ते शोधा: गाव, जात, माहेर, वय, की ऐकणारं कोण बसलंय ते. सासू समोर असताना आणि नसताना तीच बाई भावाची ओवी सारखीच म्हणते का? भावाच्या भाषेत ही तुमची 'ट्रीटमेंट'. त्याला सांगा, कौतुक वाटेल. तीच बाई, तीच ओवी, चार महिन्यांनी पुन्हा ध्वनिमुद्रित करा, हे तुमचं 'रेप्लिकेशन'. आणि प्रबंधात 'यावरून असे सिद्ध होते की' हे वाक्य शक्यतो येऊ देऊ नका. मी लाल शाईनं सगळ्यात जास्त वेळा तेच खोडलंय. 'अकरापैकी नऊ जणींनी माहेरच्या ओवीत नदीचं नाव बदललं, दोघींनी नाही' असं लिहा. आधी त्या दोघींकडं जा. काही वेळा तिथंच प्रकरण उघडतं.

एक अडचण येईल. गिरणी आल्यापासून बहुतेक जणी जात्यावर बसलेल्या नाहीत. तुम्ही खुर्चीवर बसवून मोबाइल पुढं धराल, तर ओवी धावते, नाहीतर अडते, कारण तिचा श्वास जात्याच्या फेऱ्यात असतो. माळ्यावर टाकलेलं जातं खाली काढायला लावा, खुंटा ठोकून घ्या, आणि जाताना शेर-दोन शेर ज्वारी बरोबर न्या. रिकामं जातं कोणी बाई ओढत नाही.